कॅमेरा बॅग २० लिटरची की ३० ची? आधी लॅपटॉप मोज

भावा, तू जे विचारलंयस ते आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तू विट्याचा, लग्नाच्या ऑर्डरी करतोस, बऱ्याचदा सेकंड शूटर म्हणून, म्हणजे मेन फोटोग्राफरच्या जोडीला, आणि मोकळा रविवार मिळाला की कासचं फुलांचं पठार नाहीतर मायणीचा पक्ष्यांचा तलाव. सामान म्हणजे कॅनन आर६ मार्क टू बॉडी, २४-१०५ एफ ४ लेन्स, जुन्या कॅननची म्हणजे ईएफ माउंटची ७०-२०० एफ २.८ लेन्स अडॅप्टर लावून, एक ५० एफ १.८ लेन्स, एक फ्लॅश, तो लांबनं उडवायचा ट्रिगर आणि १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप. पुढंमागं पक्ष्यांसाठी १५०-६०० ची लांब लेन्स घ्यायचा विचार आहे. फिरणं सगळं बाईकवर. आणि प्रश्न असा की २० लिटरची बॅग घेऊ का ३० ची, कारण ऑनलाइन फोटोत दोन्हीत सगळंच बसलेलं दिसतंय.

मी साताऱ्यात लग्नं, यात्रा आणि सीझनला कास असं सगळं बरीच वर्षं करतोय, बॅग पाठीवर आणि बूड बाईकवर, त्यामुळं तुझी अडचण मला नीट कळतीये. पण खरं सांगू का, तुझा प्रश्न २० का ३० हा नाहीच. तुझा प्रश्न आहे तो लॅपटॉपचा. तुझ्या बाकीच्या सगळ्या सामानाला मधल्या साइजची कुठलीपण कॅमेरा बॅग चालेल, त्यात बॅग केवढी घ्यायची हे ठरवणारी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे तो गेमिंग लॅपटॉप. म्हणून सुरुवात तिथनं करू.

पहिलं म्हणजे लिटर हा आकडा बाजूला ठेव. लिटर म्हणजे नुसतं आकारमान, आकार नाही. ४५ सेंमी उंच, २८ रुंद आणि १६ खोल अशी बॅग धर, गुणाकार केला की २० लिटर येतात. आता ४० उंच, २५ रुंद, २० खोल अशी धर, तीपण बरोबर २० लिटर. पहिलीत तुझा लॅपटॉप जाईल, दुसरीत जाणारच नाही, कारण गेमिंग लॅपटॉपची रुंदी २६ सेंमीच्या आसपास असते आणि बॅगच २५ ची आहे. दोन्हीवर लेबल मात्र २० लिटरचंच. त्यात परत कोण पुढचा चपटा खिसा धरून लिटर सांगतंय, कोण वरचं गुंडाळायचं तोंड पूर्ण उघडून सांगतंय, त्यामुळं दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. वेबसाइटवर खाली जाऊन आतलं माप शोधायचं, बाहेरचं नाही. आतलं माप दिलंच नसेल तर बाहेरच्या मापातनं रुंदीला दोन-तीन सेंमी आणि खोलीला तीन-चार सेंमी वजा धर, फोम तेवढा खातोच.

आता लॅपटॉप. १५.६ इंच हे स्क्रीनच्या तिरक्या रेषेचं माप आहे. स्क्रीन प्रत्यक्षात साडेचौतीस सेंमी बाय साडेएकोणीस सेंमी येते. पातळ ऑफिसवाल्या लॅपटॉपला कडा बारीक असतात, तिथं बाहेरचं माप त्याच्यापेक्षा थोडंच मोठं असतं. गेमिंगवाल्याला मागं पंख्याची जागा, खाली जाड हनुवटी, असं करत करत ३६ बाय २६ आणि जाडी अडीच सेंमीपर्यंत जाते. बॅगेवर जे "१५.६ इंच लॅपटॉप बसेल" असं लिहिलेलं असतंय ते बहुतेक वेळा पातळ लॅपटॉप डोळ्यासमोर ठेवून. त्यामुळं फूटपट्टी घे आणि लांबी, रुंदी, जाडी तिन्ही माप. जाडी मापताना खालचे रबरी पाय धरून माप. बॅगेत लॅपटॉप उभा जातो, म्हणजे २६ ची बाजू आडवी आणि ३६ ची उभी. आतली रुंदी निदान २८ पाहिजे, कारण बॅगेचे कोपरे गोल असतात आणि लॅपटॉपचे नसतात, नेमका खालचा कोपराच अडकतो आणि चेन शेवटच्या चार बोटांवर ओढून लावावी लागते. ती चेन दोन सीझन टिकत नाही.

मग कॅमेऱ्याचा भाग. इथं मी तुझ्याच सामानाचा हिशोब मांडतो म्हणजे पद्धत कळेल. सगळ्यात लांब काय, तर बॉडी, अडॅप्टर आणि ७०-२०० जोडलेली. लेन्स २० सेंमी, अडॅप्टर २.४ सेंमी, आणि बॉडी लेन्सच्या तोंडापासून मागच्या आयपीसपर्यंत, म्हणजे डोळा लावतो तिथपर्यंत, सात-आठ सेंमी. झाले ३० सेंमी. हे तू जोडून ठेवणार असशील तर आत मधोमध ३० सेंमीची सरळ पट्टी मोकळी लागणार. लग्नात जोडूनच ठेवावं असं माझं मत आहे, कारण वरमाला पडायच्या वेळी लेन्स शोधत बसायचं नसतं. बॉडीची रुंदी १४ सेंमी. आतली रुंदी २८ धरली तर बॉडीच्या दोन्ही बाजूला सात-सात सेंमी उरतात, त्यातपण पार्टिशनची, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या फोमच्या पट्ट्यांची, जाडी जाते, तर तिथं ट्रिगर, बॅटऱ्या, कार्डाची डबी. बॉडीच्या खाली लेन्स आली की मधला पट्टा अरुंद होतो, ९ सेंमी, मग दोन्ही बाजूला पार्टिशन धरून साडेआठ-साडेआठ मिळतात. एका बाजूला २४-१०५ उभी, ती ८.३५ सेंमी जाड आहे, म्हणजे अगदी मापात, आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅश आडवा. खाली जे दहा सेंमी उरतात त्यात ५० ची लेन्स आणि चार्जर. म्हणजे आतून ४० बाय २८ बाय १४ एवढी जागा तुला रग्गड झाली. हिशोब केला तर ती पावणेसोळा लिटर येते, आणि अशी आतली जागा देणाऱ्या बॅगेवर लेबल साधारण २२ ते २६ लिटरचं असतं, कारण त्यात लॅपटॉपचा कप्पा आणि पुढचे खिसे मोजलेले असतात.

एक बारीक गोष्ट, हूड, म्हणजे ऊन अडवायला लेन्सच्या तोंडाला लावतो ती टोपी. ७०-२०० चा हूड उलटा लावला की लांबी फारशी वाढत नाही पण गोलाई चांगली दोन सेंमीनं वाढते आणि वरचं सगळं गणित कोलमडतं, २४-१०५ ला मग जागा उरत नाही. हूड काढून त्यात ५० ची लेन्स कापडात गुंडाळून ठेव, हूडची पोकळी वाया जात नाही. आणि लेन्सचा ट्रायपॉड फूट, म्हणजे ट्रायपॉडला जोडायचा पाय, बाजूला न ठेवता फिरवून वर, म्हणजे झाकणाकडं आण.

आता जे फोटोत कधीच दिसत नाही ते सांगतो, आणि हे नीट वाच, कारण बहुतेक पोरं इथंच फसतात. ऑनलाइन फोटोत एका फोटोत लॅपटॉप आत सरकवताना दाखवतात आणि दुसऱ्या फोटोत पार्टिशनमध्ये लेन्स मांडलेल्या दाखवतात. दोन्ही एकत्र भरलेली बॅग बंद केलेली कोण दाखवत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच बॅगांत लॅपटॉपचा कप्पा आणि कॅमेऱ्याचा कप्पा यांच्यात नुसतं पातळ अस्तर असतं, वेगळी जागा दिलेलीच नसते. मग तुझा अडीच सेंमीचा लॅपटॉप आत गेला की कॅमेऱ्याच्या बाजूची खोली अडीच सेंमीनं कमी. १४ ची साडेअकरा झाली. २४-१०५ ही १०.७ सेंमीची, पुढचं-मागचं झाकण लावल्यावर बारा. आता ती उभी बसत नाही, आडवी केली की फ्लॅशची जागा गेली, फ्लॅश मग पुढच्या खिशात, आणि पुढचा खिसा फुगला की बॅग पाठीपासून लांब ओढते. सगळं आत तर गेलं, पण लेन्सचं झाकण लॅपटॉपच्या पाठीवर टेकून दाबतंय. खड्ड्यातनं बाईक गेली की तो दाब थेट स्क्रीनवर जातो, कारण बहुतेकजण लॅपटॉप घालताना झाकण, म्हणजे स्क्रीनची बाजू, कॅमेऱ्याकडंच ठेवतात. कुठल्यापण बॅगेत लॅपटॉपची स्क्रीन पाठीच्या बाजूला आणि कीबोर्डचा तळ कॅमेऱ्याच्या बाजूला ठेव. तळ कडक असतो, तो सोसतो.

त्यामुळं बॅग बघताना दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला एकच विचार, लॅपटॉप आत असताना कॅमेऱ्याच्या कप्प्याची खोली किती राहती. उत्तर १४ च्या आसपास आलं तर पुढं बोल. पुढंमागं बॉडीच्या खाली लागणारी बॅटरी ग्रिप घेणार असशील तर १६ बघ, कारण ग्रिपनं बॉडीची उंची वाढते आणि ती खोलीतच मोजली जाते.

आता मूळ मुद्दा. तू लॅपटॉप नेमका उघडतोस कुठं? हे परिस्थितीवर आहे आणि ते मी इथं बसून ठरवू शकत नाही, पण तू प्रामाणिकपणे ठरव. तुझ्या आर६ मार्क टू ला दोन कार्ड स्लॉट आहेत. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग लावलं की लग्न चालू असतानाच बॅकअप होत राहतोय, कार्यालयात लॅपटॉप उघडायची गरजच पडत नाही. मी स्वतः असंच करतो, आणि कार्यक्रम संपला की एक कार्ड बॅगेत आणि एक कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, दोन्ही कधी एका जागी ठेवत नाही. पण समजा पार्टीनं त्याच दिवशी संध्याकाळच्या रिसेप्शनला स्क्रीनवर लावायला टीझर मागितलाय, किंवा हळद आणि लग्न वेगवेगळ्या गावात आहे आणि मधे मुक्काम आहे, तर लॅपटॉप न्यावाच लागतो, तिथं इलाज नाही. मेन फोटोग्राफर जागेवरच डेटा मागून घेतो, अशीपण पद्धत आपल्याकडं आहे, आणि सेकंड शूटरला ती पाळावी लागते. तरी तिथं बहुतेक वेळा त्याच्याच लॅपटॉपवर कॉपी होतं.

जर उत्तर असं आलं की चारातल्या तीन कामांना लॅपटॉप घरीच राहू शकतो, तर लॅपटॉपसाठी मोठी बॅग घेऊन ती रोज पाठीवर वागवण्यात अर्थ नाही. मग चांगल्या पट्ट्यांची १८-२० लिटरची कॅमेरा बॅग घे आणि लॅपटॉपला वेगळी जाड स्लीव्ह, लागेल त्या दिवशी ती डिकीत किंवा मित्राच्या गाडीत. आणि जर लॅपटॉप कायम बरोबरच लागतो तर मघाशी सांगितलं ती, आतून ४० बाय २८ बाय १४ आणि लॅपटॉपला स्वतंत्र जागा, म्हणजे २५ लिटरच्या आसपास. ३० ची मी तुला देणार नाही, आणि त्याचं कारण वजन.

वजन लिहूनच दाखवतो. बॉडी ६७० ग्रॅम. ७०-२०० दीड किलो, अडॅप्टर धरून सोळाशेच्या आसपास. २४-१०५ सातशे ग्रॅम. ५० ची १६०. फ्लॅश बॅटरीसकट अर्धा किलो. झाले साडेतीन किलोच्या वर. गेमिंग लॅपटॉप २.३ किलो आणि त्याचा तो विटेएवढा चार्जर अर्धा-पाऊण किलो, म्हणजे एकट्या लॅपटॉपचे तीन किलो. बॅटऱ्या, चार्जर, ट्रिगर, कार्ड, ब्लोअर, कापड असं सहाशे-सातशे ग्रॅम. पाण्याची बाटली एक किलो. आणि ही कॅमेरा बॅग रिकामीच दीड ते दोन किलोची असते हे कोणी धरत नाही. बेरीज दहा किलोवर जाते. हे सगळं २५ लिटरमध्येच झालंय. ३० लिटरची घेतलीस की मोकळी जागा दिसणार, त्यात एलईडी लाइट जाणार, जॅकेट जाणार, कोणीतरी म्हणणार माझीपण एक लेन्स राहूदे, आणि बारा-तेरा किलो कधी होतंय कळत नाही. जागा असली की भरती, हा माणसाचा स्वभाव आहे, आणि लग्नाचा दिवस सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत असतो. तुझ्या वयात खांदा काही बोलत नाही. माझ्याबरोबरची दोन-तीन चांगली माणसं पस्तिशीतच मान आणि पाठ धरून बसली आणि शूटिंग सोडून नुसत्या अल्बमच्या कामाला लागली. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं म्हणून एवढं खेचून सांगतोय.

दहा किलो खांद्यावर नाही, कंबरेवर यायला पाहिजेत. त्यासाठी कंबरेचा पट्टा फोमचा, तळहाताएवढा रुंद, आणि तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. बऱ्याच बॅगांना नुसती बोटभर रुंदीची नायलॉनची पट्टी असते, ती बॅग हलू नये म्हणून असते, वजन घेत नाही. इथंच उंचीचा प्रश्न येतो. तू साडेपाच फुटाचा असशील आणि बॅग ५२ सेंमी उंच घेतलीस तर पट्टा कमरेच्या खाली येतो नाहीतर बॅगेचं डोकं मानेला लागतं. मान खाली घातल्यावर मागं जो मणका टोचल्यासारखा वर येतो तिथनं कमरेच्या हाडापर्यंत घरच्यांकडनं टेपनं माप घे. बॅगेच्या पाठीचं माप त्याच्या आसपास पाहिजे. दुकानात रिकामी बॅग घालून आरशात बघण्यात काही अर्थ नसतो, रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते.

बाईकचं वेगळं आहे आणि ते बॅग बनवणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक नसतंच. बाईकवर तू बसलास की बॅगेचं बूड मागच्या सीटवर टेकतं. टेकलं की खांद्याला आराम, पण आता प्रत्येक गतिरोधकाचा दणका बॅगेच्या बुडातनं वर जातो, आणि लॅपटॉप उभा असल्यामुळं तो सगळा दणका त्याच्या खालच्या कडेवर बसतो. म्हणून लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत गेलेला नको, तळापासून दोन-तीन बोटं वरच शिवलेला पाहिजे. दुकानात हे बघायला सोपं आहे, एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात तळापर्यंत घाल आणि दुसऱ्या हातानं बाहेरनं बॅगेचं बूड चाचप. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागली तर तळ कोरा आहे. अशी बॅग आधीच घेतली असेल तर तळाला दोन बोटं जाड फोमचा तुकडा कापून सरकवायचा, पण मग लॅपटॉप तेवढा वर येतो, वरची चेन लागतीये का ते बघायचं. आणि मागं कोणी बसणार असेल तर बॅग पोटावर घे, टाकीवर टेकवून. त्यासाठीपण २० सेंमीपेक्षा जास्त खोल बॅग नको, हँडल पूर्ण वळवताना अडती.

एसटीनं जात असशील तर बॅग वरच्या रॅकवर टाकू नको, मांडीवर घे. स्वारगेटपर्यंत मांडीवर २५ लिटरची बॅग निभावती, ३० ची समोरच्या सीटला घासते आणि शेजारच्याशी वाद होतात. विमानाचं एका ओळीत सांगतो, देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण ७ किलो आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंमी अशी मर्यादा असते, माप तुझं बसेल, वजन बसणार नाही, मग चार्जर, ट्रायपॉड चेक-इनमध्ये टाक पण सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच लागतात.

बॅग उघडते कुठनं, हापण साइजचाच भाग आहे असं मी धरतो. मी पाठीच्या बाजूनं उघडणारीच वापरतो. याची किंमत पालीच्या, म्हणजे कराडजवळच्या पाल गावच्या, खंडोबाच्या यात्रेत कळती. खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला पौषात जो भंडारा उधळतात तो हवेत नुसता तरंगत असतो, अंगभर, केसांत, चेनच्या दातांत. पुढनं उघडणारी बॅग असली की चेन उघडताना वर बसलेला सगळा भंडारा आत सांडतो, आणि हळदीची ती बारीक पूड एकदा फोमच्या कापडात मुरली की वर्षभर लेन्सच्या झाकणावर पिवळी साय दिसत राहती. पाठीच्या बाजूला तुझं अंग असतं म्हणून ती बाजू तुलनेनं स्वच्छ राहती. गर्दीत मागनं कोण चेनपण उघडू शकत नाही. तोटा एवढाच की लेन्स काढायची तर बॅग पूर्ण उतरवावी लागते. लग्नात स्टेजच्या कडेला ते जमतं.

पण कासवर जमत नाही, आणि इथं जरा थांबून बोलतो. सीझनला पठारावर मी बघतो, पोरं भली मोठी बॅग घेऊन येतात आणि लेन्स बदलायची म्हटलं की ती सरळ जमिनीवर पसरतात. खाली काय आहे ते बघत नाहीत. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही झाडं अगदी बुटकी असतात, कातळावरच्या इंचभर मातीत ती वर्षभर वाट बघून उगवतात, आणि दहा किलोची बॅग त्यांच्यावर पाच मिनिटं ठेवली की त्या जागेचं त्या वर्षीचं फूल संपलं, बीपण संपलं. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे, पण यादीत नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. कासला जाताना लॅपटॉप घरी ठेव. एक बॉडी, एक लेन्स लावलेली, दुसरी कमरेच्या पाऊचमध्ये. बॅग ठेवायची वेळ आलीच तर वाटेवर, मुरमावर. म्हणून बाजूनं उघडणारी एखादी छोटी चेन असलेली बॅग मिळाली तर चांगलंच, एका खांद्यावरनं पुढं ओढली की कॅमेरा हातात येतो, खाली ठेवायचं कारणच उरत नाही.

पावसाचं. विट्याकडं पाऊस बेताचा, त्यामुळं तुला वाटेल बॅगेबरोबर रेन कव्हर आलंय म्हणजे झालं. साताऱ्यावरनं कासकडं चढायला लागलास की पावसाची जातच बदलते. रेन कव्हर बॅगेची पुढची बाजू झाकतं, पाठीची बाजू उघडीच असते. बाईकवर पाणी मानेवरनं पाठीवर उतरतं आणि पाठ आणि बॅग यांच्या फटीतनं थेट लॅपटॉपच्या कप्प्याच्या चेनपाशी जमतं, कारण लॅपटॉपचा कप्पा त्याच बाजूला असतो. कॅमेरा कोरडा आणि लॅपटॉप ओला असं होतं ते याच्यामुळं. उपाय साधा आहे. साडीच्या दुकानात मिळते तशी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, लॅपटॉप त्यात घालून तोंड दोनदा दुमडून मग कप्प्यात. आणि रेनकोट बॅगेवरनं घालायचा, आतनं नाही, त्यासाठी एक साइज मोठा रेनकोट लागतो. ट्रायपॉड बाहेर बांधला की रेन कव्हर नीट बसत नाही हेपण लक्षात घे, पावसात ट्रायपॉड बाईकला वेगळा बांध.

याच ओघात, पावसाळ्यात सामान बॅगेत ठेवून बॅग कपाटात टाकायची सवय लावू नको. फोम ओल धरून ठेवतो आणि लेन्सला बुरशी लागते ती तिथनंच. घरी आलं की सगळं बाहेर काढायचं, बॅग उघडी करून पंख्याखाली, आणि लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये नाहीतर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून. ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली की पुरे. मोठी बॅग घ्यायची एक छुपी ओढ ही असते की सगळं एकाच जागी राहील. बॅग न्यायला असते, ठेवायला डबा वेगळा.

१५०-६०० साठी आत्तापासून बॅग घेऊ नको. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी धरली तर ती २६ सेंमी आणि जवळजवळ दोन किलो, तुझ्या बॉडीला ईएफ माउंटची अडॅप्टर लावून घ्यावी लागेल, जोडल्यावर ३६ सेंमीच्या आसपास. मी वर जी ४० सेंमीची आतली लांबी सांगितली त्यात ती एक आडवी पार्टिशन काढली की मधोमध बसतीये. त्या दिवशी ७०-२०० आणि फ्लॅश घरी. मायणीच्या तलावावर फ्लॅशचं काय काम आणि लॅपटॉपचं तर अजिबातच नाही. पुढं कॅननची आरएफ, म्हणजे अडॅप्टर न लागणारी, १००-५०० लेन्स घेतलीस तर ती तुझ्या ७०-२०० एवढीच लांब आहे, मग प्रश्नच मिटला.

बजेट तू सहा-सात हजार म्हणालास. त्यात मी बॅगेच्या आतल्या सोयींपेक्षा पट्टे, चेन आणि शिलाई बघीन. खांद्याचा पट्टा जिथं बॅगेला शिवलाय तिथं आतनं बोट फिरवून बघ, चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई पाहिजे. नुसती एक सरळ रेघ असेल तर ती बॅग दहा किलोसाठी नाही. चेनचा रनर मोठा आणि गोल कोपऱ्यावर न अडकता फिरणारा पाहिजे. मनासारखी कॅमेरा बॅग मिळाली नाही तर दुसरा रस्ता आहे, ट्रेकिंगची २५-२८ लिटरची चांगल्या कंबरपट्ट्याची सॅक, ज्यात लॅपटॉपचा कप्पा आहे, आणि आत वेगळा मिळणारा पार्टिशनचा पॅडेड इन्सर्ट. ती पाठीला कॅमेरा बॅगेपेक्षा बरी पडते, रिकामी हलकी असते, आणि बाहेरनं कॅमेऱ्याची वाटत नाही म्हणून एसटीत सेफ. फक्त ती वरनं उघडते, त्यामुळं लग्नाच्या घाईत हात पटकन पोचत नाही. पट्टा उसवला, रनर गेला तर साताऱ्यात काय सांगलीत काय, बॅग शिवणारे कारागीर जाड दोऱ्यानं कंपनीपेक्षा पक्कं शिवून देतात, नवीन बॅग घ्यायची घाई करायची नाही.

ऑर्डर करायच्या आधी एक काम कर. घरात खडूनं फरशीवर ४० बाय २८ चा चौकोन काढ आणि तुझं सगळं सामान त्यात मांड, बॉडी-लेन्स जोडून, हूड काढून. २४-१०५ उभी ठेव आणि शेजारी पट्टी धरून १४ सेंमीची उंची बघ. पार्टिशनसाठी प्रत्येक वस्तूत बोटभर फट सोड. बसलं तर माझं माप तुला बरोबर आहे, नाही बसलं तर कुठली वस्तू बाहेर राहिली ते बघ आणि ती खरंच रोज लागती का ते विचार.

बॅग आली की लेबल काढू नको. परत करायच्या मुदतीत, पहिल्याच दिवशी, लॅपटॉप चार्जरसकट आणि पूर्ण सामान भर, पाण्याची बाटलीपण भर, आणि घरात-गच्चीत जिना चढ-उतर कर, अर्धा तास तरी पाठीवर राहूदे. मग बाईकवर बसून गल्लीतनं एक चक्कर मार, एका तरी गतिरोधकावरनं. घरी येऊन लॅपटॉपची खालची कड आणि २४-१०५ चं झाकण बघ, कुठं घासल्याची खूण आहे का, आणि खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ कमरेपेक्षा जास्त उठलाय का. उठला असेल तर पट्टे सैल-घट्ट करून अजून एकदा बघ, तरीपण तसंच असेल तर परत पाठव.

लॅपटॉपची तिन्ही मापं आणि तुझी मणक्यापासून कमरेपर्यंतची लांबी घेतलीस की इथंच खाली लिही, दोन-तीन बॅगा तू बघून ठेवल्या असशील त्यांची आतली मापंपण टाक, त्यातली कुठली ते सांगतो.